विजेची करवत

मध्यमवर्गीय गृहस्थाच्या घरांतील अवजारांचा संसार मोठा आटोपशीर असतो. एक हातोडी, एक पक्कड, दोन स्क्रूड्रायव्हर (त्यांतल्या एकाचें टोंक हमखास झिजलेलें) आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यांत सांठविलेले नाना जातींचे खिळे, एवढ्यावर आमच्या वडिलांची पिढी सुखानें नांदली. लांकडाचें कांहीं काम निघालें कीं सुताराला निरोप जाई. तो येऊन वाड्याच्या चौकांत बसे, पायाखालीं फळी दाबून धरी, आणि घरांतलीं पोरें भुशाच्या वासाभोंवतीं गोळा होत. आतां चौक राहिला नाहीं, सुतार निरोपानें येत नाहीं, आणि गृहस्थाच्या हातीं मात्र विजेचीं यंत्रें आलीं आहेत. प्रथम भिंतीला भोंक पाडण्याचें ड्रिल येतें. तें निर्विघ्न पचलें म्हणजे मनुष्याचें धैर्य वाढतें आणि तो विजेच्या करवतीपर्यंत जाऊन पोंचतो. आम्हीही याच वाटेनें गेलों. गेलीं नऊ वर्षें ही करवत आमच्या घरीं आहे. तिच्यावर पुस्तकांचीं तीन कपाटें, एक पलंग आणि स्वयंपाकघरांतल्या फळ्या झाल्या आहेत, आणि घरांतील चार माणसांचीं मिळून चाळीस बोटें आजही चाळीसच आहेत. ही गोष्ट आम्ही फुशारकीनें सांगत नाहीं. आमच्याच इमारतींत ज्यानें निम्म्या घरांचें लांकूडकाम केलें त्या कुशल मिस्त्रीचा हिशेब साडेनवावर थांबतो.

ज्या करवतीविषयीं आम्ही लिहीत आहों ती हातांत धरून चालविण्याची, गोल पात्याची, आणि वायरीनें भिंतींतल्या सॉकेटाशीं बांधलेली. हिचें वय फार नाहीं. १९२४ सालीं अमेरिकेंत एडमंड मिशेल व जोसेफ सलिव्हन यांनीं अशा करवतींचा कारखाना काढला. मिशेलला ही कल्पना ऊस तोडणाऱ्या मजुरांकडे पाहून सुचली असें सांगतात. उसाच्या फडाशीं आपला संबंध इतका जुना असून हें आपल्यापैकीं कोणास सुचलें नाहीं, याचें आम्हांस राहून राहून नवल वाटतें. आमच्या करवतीचें पातें १८५ मिलिमीटर व्यासाचें आहे आणि मोकळें फिरतांना तें मिनिटाला सुमारें ५००० फेरे घेतें. पात्याचा घेर ५८ सेंटिमीटर धरला तर कडेचा प्रत्येक दांता सेकंदाला ४८ मीटर, म्हणजे तासाला सुमारें १७४ किलोमीटर धांवतो. आपल्या कोणत्याही द्रुतगती मार्गावर मोटारीस ज्याची मुभा नाहीं असा हा वेग आपण जेवणाच्या मेजाशेजारीं उभे राहून दोन हातांत धरीत असतों.

हा आंकडा ऐकला कीं नवख्या माणसाचें सारें लक्ष पात्यावर खिळतें. तो पात्याला भितो, पात्याकडे पाहत राहतो, आणि पातें सांभाळलें म्हणजे सर्व सांभाळलें असें समजतो. आमचें मत निराळें आहे. या सर्व प्रकरणांत पातें हेंच सर्वांत भरंवशाचें पात्र होय. तें एकाच रेषेंत, एकाच दिशेनें, ठरल्या वेगानें फिरतें; लहरीपणा त्याच्या स्वभावांत नाहीं. बेभरंवशाचें आहे तें लांकूड. लांकूड वांकतें, खचतें, मिटतें. त्याच्या पोटांत गांठ असते, ओल असते, कधीं जुना खिळा असतो. विजेच्या करवतीचे जे भयंकर अपघात होतात त्यांतील पुष्कळांचें मूळ पात्यांत नसून लांकूड नीट न बसविण्यांत असतें.

एक अगदीं साधें उदाहरण घेऊं. फळी कापावयाची म्हणजे घरगुती मनुष्य दोन स्टुलें आणतो, फळीचीं दोन टोंकें त्यांवर ठेवतो, आणि बरोबर मध्यावर करवत लावतो. दिसावयास ही रचना फार सुबक दिसते. परंतु खांच जसजशी खोल जाते तसतशी दोन्ही अर्धुकें आपल्याच भारानें मधें खचतात आणि खांचेचें तोंड वरून मिटूं लागतें. हातकरवतीनें हें काम चाललें असतें तर करवत अडकली असती, सुतारानें एक शिवी हांसडून खांचेंत पाचर ठोकली असती, आणि काम पुढें चाललें असतें. विजेच्या मोटारीस अडकणें ठाऊक नाहीं. लांकडानें पातें दोन्ही बाजूंनीं आवळलें तरी ती फिरविण्याचा आग्रह सोडीत नाहीं. आणि पातें लांकडांत फिरूं शकत नाहीं म्हणून मग अवघी करवतच लांकडांतून उसळून बाहेर पडते. पात्याच्या खालच्या अंगाचे दांते पुढच्या दिशेनें धांवत असतात, म्हणून उसळी नेमकी उलट, म्हणजे चालविणाऱ्याच्या अंगावर येते. ती इतक्या अल्प काळांत येते कीं मनुष्याच्या हातास तिला उत्तर देण्यास अवसरच मिळत नाहीं. "आम्ही सावध असतों" असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. सावधपणा येथें उपयोगी पडत नाहीं. उपयोगी पडते ती आधींची मांडणी.

म्हणून आमच्या घरीं एक रिवाज आहे. प्लग लावण्यापूर्वीं, हातांत करवत नसतांना, चालविणाऱ्यानें मोठ्यानें सांगावयाचें, कीं कापून झाल्यावर हा तुकडा कोठें राहील आणि तो कोठें जाईल. "हा येथेंच राहील, तो खालीं पडेल" एवढेंच उत्तर असतें. परंतु तें देतां आलें नाहीं तर मांडणी पुन्हां करावी लागते. लहान तुकडा मोकळा सुटून खालीं पडला तर बिघडत नाहीं. मोठा भाग मेजावर शिकंज्यानें आवळलेला पाहिजे आणि कापण्याची रेघ मेजाच्या कडेच्या जवळ पाहिजे. प्लायवुडाचा पुरा तक्ता असेल तर प्रश्न बिकट होतो. आठ फूट बाय चार फूट, १८ मिलिमीटर जाडीचा तक्ता तीस किलोंहून अधिक भरतो, आणि दोन स्टुलांवर तर तो हत्तीसारखा झुलतो. तो आम्ही सरळ जमिनीवर, जाड थर्माकोलाच्या पाटावर आडवा टाकतों. पातें थर्माकोलांत थोडेंसें उतरतें. दोन्ही तुकडे मात्र कापले गेले तरी होते तेथेंच पडून राहतात, खचत नाहींत, मिटत नाहींत. लांब उभा काप असेल तर पात्याच्या बऱ्याच मागें, करवत थांबवून, खांचेंत एक पाचर सारून ठेवावी. ही सुताराची जुनी पाचर विजेच्या युगांतही नोकरींत कायम आहे. आणि खरें सांगावयाचें तर मोठे काप दुकानदाराकडूनच करून आणावे. बहुतेक मोठ्या प्लायवुडवाल्यांकडे त्यासाठीं बसतें यंत्र असतें. त्यांत अभिमानास बाध येतो असें आम्हांस वाटत नाहीं.

लांकूड असें बसलें कीं पुढचें काम थोडें राहतें. पातें लांकडाच्या खालीं दांत्याच्या उंचीएवढेंच बाहेर यावें इतकी खोली ठेवावी. अधिक बाहेर काढलेलें पातें अधिक आवळलें जातें आणि खालीं मांडी असली तर तीही शोधतें. दोन्ही हात करवतीवरच असावे, कारण वर असलेला हात खालीं सांपडत नाहीं. उभें राहणें पात्याच्या रेघेंत नव्हे, रेघेच्या बाजूला. करवत लांकडास भिडण्यापूर्वीं पुऱ्या वेगांत यावी. रेघ चुकूं लागली तर मनगट पिळून ती सरळ करूं नये. खटका सोडावा, पातें पुरतें थांबूं द्यावें, आणि मगच बाहेर काढून पुन्हां लावावें. फिरतें पातें मागें ओढणें म्हणजे उसळीस आमंत्रण आहे. दांते पुढच्या अंगानें खालून वर येतात, त्यामुळें लांकडाची वरची बाजू फुटते. म्हणून चांगली बाजू खालीं ठेवावी. हें शेवटचें सुरक्षिततेचें नव्हे, सौंदर्याचें सूत्र. पण गृहस्थास बहुधा तेंच अगोदर आठवतें.

आतां त्या साडेनऊ बोटांच्या मिस्त्रीकडे वळूं. या करवतीच्या पात्याखालीं स्प्रिंगवर फिरणारा एक गार्ड असतो. लांकडांत शिरतांना तो आपोआप मागें सरतो आणि पातें बाहेर येतांच पुन्हां झांकून घेतो. आमच्या मिस्त्रीनें आपल्या करवतीचा गार्ड तारेनें वर बांधून टाकलेला होता. आम्हीं विचारलें तेव्हां तो हंसून म्हणाला, "काका, गार्ड ठेवला तर रेघ दिसत नाहीं, आणि भुसा अडकून तो मधेंच रुसतो." त्याच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. भुशानें आणि डिंकानें गार्ड खरोखरच रुसतो. त्याला उत्तर ब्रश मारण्याचें आहे, तार बांधण्याचें नव्हे. त्याची तर्जनी कापतांना गेलीच नाहीं. काप पुरा झाला, त्यानें खटका सोडला, आणि पातें अद्याप फिरत असतांच सवयीनें करवत जमिनीवर ठेवली. झांकण नसलेलें पातें फरशीला लागलें, करवत चाकाच्या गाडीसारखी धांवली, आणि फळी उचलावयास पुढें झालेला डावा हात वाटेंत आला. हें सांगून तो म्हणाला, "आठ दिवसांत किचन पाहिजे होतें ना पार्टीला." हें वाक्य आम्ही विसरलों नाहीं. बांधलेल्या गार्डाबद्दल मिस्त्रीस दोष देणें सोपें आहे. आठ दिवसांत किचन मागणारे आपणच असतों, आणि गार्डसकट काम करणाऱ्या कारागिराचे दोन दिवस अधिक होतात म्हणून कुरकुरणारेही आपणच.

याच ओघांत एक गोष्ट स्पष्ट लिहिणें अवश्य वाटतें. आपल्याकडे संगमरवर व फरशी कापण्याच्या लहान कटरास लांकडाचें दांत्यांचें पातें बसवून त्यावर सर्रास सुतारकाम केलें जातें. हें यंत्र स्वस्त असतें, हलकें असतें, म्हणून घरोघरीं तेंच येऊं लागलें आहे. तें दगडासाठीं आहे. त्याचें पातें ११० मिलिमीटरांच्या आसपास, परंतु फेरे मिनिटाला बारा-तेरा हजार. म्हणजे दांत्यांचा वेग आमच्या करवतीच्या दीडपट भरतो. झांकण आहे तें फक्त वरच्या अंगास; खालून झांकून घेणारा गार्ड त्यास मुळांतच नाहीं. शिवाय लांकडाच्या पात्यावर त्याच्या कमाल फेऱ्यांचा आंकडा छापलेला असतो आणि तो पुष्कळदां यंत्राच्या फेऱ्यांहून कमी असतो. तो आंकडा वाचून पातें बसविणारा मनुष्य आम्हीं फारसा पाहिला नाहीं. आम्हीं आपली करवत घेतली तेव्हां दुकानदारानें मोठ्या आपुलकीनें हाच कटर पुढें केला होता आणि माहितीपुस्तिका "वाचायची गरज नाहीं" म्हणून बाजूला टाकली होती. घरगुती माणसानें लांकडासाठीं कटर घेऊं नये, आणि ग्राइंडरास दांत्यांचें पातें तर कोणीच कधीं लावूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

वायरीविषयीं लोकांची तक्रार अशी कीं ती पायांत येते, अडकते, आणि बॅटरीची करवत असतां हें लोढणें कशास हवें. आम्ही या लोढण्याचे भक्त आहों. बॅटरी यंत्रांतच बसलेली राहते आणि तिचा विसर पडतो. वायरीचा प्लग मात्र काढून डोळ्यांसमोर ठेवतां येतो. पातें बदलणें, खोली ठरविणें, गार्ड साफ करणें, यांपैकीं कशासही हात लावण्याआधीं प्लग भिंतींतून निघून मेजावर, दिसेल असा, आला पाहिजे. नुसतें बटण बंद करणें पुरेसें नाहीं, कारण बटण कोणीही सहज पुन्हां लावूं शकतो. वायर कापण्याच्या रेघेपासून दूर, चालविणाऱ्याच्या मागून यावी. एक्स्टेन्शन लागलें तर फोन लावण्याची बारीक वायर चालत नाहीं. १२०० वॉटांची करवत २३० व्होल्टांवर पांच अँपिअरांहून अधिक प्रवाह ओढते आणि सुरू होतांना त्याहून कितीतरी जास्त. रिळावर गुंडाळलेली वायर पुरी उलगडावी, नाहींतर ती आंतल्या आंत तापते. आणि चुकून पात्यानें वायरच कापली तर? त्या प्रसंगासाठीं घराच्या मुख्य फळ्यावर ३० मिलिअँपिअरांची आरसीसीबी असावी. गळती होतांच ती प्रवाह तोडते. तिच्यावरचें चांचणीचें बटण अधूनमधून दाबून पाहावें. आमच्याकडे हें खंडेनवमीस होतें. त्या दिवशीं करवतीस हळदकुंकू वाहण्यापूर्वीं तिचा गार्ड उघडमीट करून पाहतात, वायर हातानें चांचपून पाहतात, आणि मगच फूल.

वीज जाण्याची आपल्या देशांतील संवय येथें विसरून चालणार नाहीं. काप अर्धा असतांना वीज गेली कीं मनुष्य करवत तशीच लांकडांत सोडून खिडकीशीं जातो. खटका दाबून ठेवण्याची कळ ज्या यंत्रांना असते त्यांच्यापुढें तर ही मोठी जोखीम आहे. वीज परत येतांच यंत्र मालकाची वाट न पाहतां चालूं लागतें. वीज गेली कीं पहिलें काम खटका सोडणें, दुसरें प्लग काढणें. चहा त्यानंतर.

पोशाखाचें थोडक्यांत सांगतों. ओढणी, पदर, सैल बाह्यांचा झब्बा, अंगठी, बांगड्या, गळ्यांतील साखळी, मोकळे केंस, हें सर्व करवतीपासून दूर. हातमोजेही नकोत, फिरत्या पात्यांत मोजा सांपडला तर तो एकटा जात नाहीं. डोळ्यांस चष्मा बाजू झांकणारा. कानांस आवरण, कारण हा आवाज शंभर डेसिबलांच्या घरांत जातो. याच कारणास्तव आम्ही दुपारीं एक ते चार करवत चालवीत नाहीं, पुण्यांत तो वेगळ्या प्रकारचा अपघात ठरतो. लांकडाचा भुसा आम्हांस लहानपणापासून सुगंधी वाटत आला, परंतु कर्करोगाचें संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९९५ सालीं लांकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून नोंदविली. २०२० सालच्या साथींत घरोघरीं जे एन-९५ मुखपट्टे सांठले ते येथें सार्थकीं लागतात.

जुन्या वाड्यांचें सागवान हा आमचा मोह आहे. वाडे पडतात, त्यांच्या तुळया भवानी पेठेंतल्या लांकडाच्या बाजारांत येतात, आणि तसें लांकूड आतां नवें मिळत नाहीं. पण त्या तुळयांच्या पोटांत शंभर-शंभर वर्षांचे घडीव खिळे डोकीं तुटून लपलेले असतात. लोहचुंबक फिरवून प्रत्येक बोट जागा तपासल्याखेरीज आम्ही अशा लांकडास करवत लावीत नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या कन्येनें, ती वास्तुशास्त्राचा अभ्यास करते, करवत स्वतः चालविण्याची इच्छा दर्शविली. घरांतून विरोध झाला. सौभाग्यवतींनीं पाटावर बसूनच प्रश्न केला, "तिचा हात गेला तर ती रेघा कशानें ओढणार?" प्रश्न असा होता कीं त्याला आंकड्यांनीं उत्तर देतां येत नव्हतें. आम्हीं एवढेंच विचारलें, कीं मुलगा असता तर हा प्रश्न निघाला असता काय? बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग सौभाग्यवतींनींच अटी घातल्या, आणि आमच्या सर्व नियमांहून त्या शहाणपणाच्या निघाल्या. पहिली अट, तीन महिने हातकरवत. लांकूड कसें मिटतें हें मनगटास कळल्याखेरीज वीज नाहीं. दुसरी, घरांत एकटें असतांना करवत चालवावयाची नाहीं. तिसरी, करवत चालूं असतां कोणीं मागून हाक मारावयाची नाहीं किंवा खांद्यास हात लावावयाचा नाहीं. पुढून येऊन दिसेल असें उभें राहावें. चौथ्या अटीपाठोपाठ त्यांनीं एक कागद लिहून मुख्य फळ्याशेजारीं डकविला. त्यावर आहे तें असें: जखम झाली तर स्वच्छ कापडानें घट्ट दाबून धरणें व हात उंच ठेवणें, हळद लावीत बसूं नये, बोट तुटलें तर तें ओलसर स्वच्छ फडक्यांत गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवींत बंद करावें, ती पिशवी बर्फावर ठेवावी, बोट थेट बर्फांत टाकूं नये, आणि १०८ क्रमांकास फोन करून तुटलेलीं बोटें जोडणाऱ्या इस्पितळांत तांबडतोब जावें. कागद वाचून प्रथम अंगावर कांटा आला. तो काढून टाकावा असें मात्र कोणास वाटलें नाहीं.

कन्येनें तीन महिन्यांऐवजीं चार महिने हातकरवत चालविली, आणि मग आपल्या खोलींतलें पुस्तकांचें कपाट स्वतः कापलें. तिच्या फळ्यांचे काप आमच्यापेक्षां सरळ आहेत. कारण ती रेघेच्या बाजूस शिकंज्यानें एक सरळ पट्टी आवळते आणि करवत तिला टेकवून नेते. फळीच्या मध्यांत, कडेला न भिडतां, पातें वरून आंत उतरविण्याचा एक काप असतो. त्यासाठीं गार्ड कळीनें हातानें उचलावा लागतो आणि उसळीचें भय त्यांत सर्वांत अधिक. त्याची परवानगी आम्हीं अद्याप दिलेली नाहीं. तिनेंही ती मागितलेली नाहीं. तें काम ती लहान हातजिगसॉनें करते.